चव्हाट्यावरचें दुकान

गेल्या सहामाही परीक्षेच्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाळेच्या रस्त्यावर वह्या, पुस्तकें व कंपासपेट्या विकणारें एक लहानसें दुकान आहे. दुकानदाराचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मुलें त्यांस 'काका' म्हणतात, आणि आजच्या पालकांपैकीं कित्येकांनीं आपल्या बालपणीं त्यांच्या वडिलांच्या हातून पाटी-पेन्सिल घेतलेली आहे. इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें तेथून कंपासपेटी नेली. दुसऱ्याच दिवशीं तिच्यांतील कर्कटकाचा स्क्रू निसटला. मुलगा ती बदलून मागण्यास गेला तेव्हां दुकानांत गर्दी होती. काकांनीं पेटीकडे न पाहतांच, 'एकदां नेलेला माल परत घेत नसतों. पाटी वाचतां येत नाहीं काय?' असें चार माणसांदेखत तुसडेपणानें सांगून त्यास वाटेस लाविलें. मुलगा अपमानानें लाल होऊन घरीं गेला.

त्याच रात्रीं वर्गाच्या व्हॉट्सॲपवरील समूहांत ही वार्ता पसरली, आणि नऊ ते अकरा या दोन तासांत गूगलच्या नकाशावर त्या दुकानाच्या नांवाखालीं सदतीस अभिप्राय जमा झाले. प्रत्येकास एकच तारा. 'चोर', 'फसवा माल', 'येथें कोणीं जाऊं नये', आणि याहूनही कांहीं, जें या पानांवर छापण्याजोगें नाहीं. त्यापूर्वीं तेथें जेमतेम चाळीस अभिप्राय होते व त्यांची सरासरी साडेचार ताऱ्यांच्या जवळपास होती. सकाळीं ती तिनाच्याही खालीं उतरली होती. (सरासरीचें गणित नववीस नीट समजलें आहे याचा पुरावा गणिताच्या शिक्षकांस हवा असेल, तर तो हा.)

दुपारच्या सुट्टींत काका मोबाइल हातांत घेऊन शाळेंत आले. त्यांचा हात कांपत होता. शिव्यांचें त्यांस फारसें दुःख नव्हतें. ते म्हणाले, "सर, पोरांचें पोरपण मी समजूं शकतों. पण ह्या माउल्यांचीं नांवें पहा. ह्यांच्या घरीं आम्ही बापलेकांनीं दोन पिढ्या वह्या पुरविल्या. ह्यांचें मी काय वाईट केलें?" आम्हीं पाहिलें, तों सदतिसांपैकीं निम्म्याहून अधिक अभिप्राय स्त्रियांच्या नांवांनीं होते. उलगडा व्हावयास वेळ लागला नाहीं. ज्यांच्यापाशीं स्वतःचा मोबाइल नाहीं त्या मुलांनीं आईच्या मोबाइलवरून तारे दिले होते. आणि आई बिचारी स्वयंपाकघरांत. आपल्या नांवानें कोणा भल्या माणसास चव्हाट्यावर 'चोर' म्हटलें जात आहे, याची तिला गंधवार्ताही नव्हती.

शिक्षकांच्या खोलींत या प्रकरणावर दोन मतें पडलीं. एका पक्षाचें म्हणणें, मुलांस कडक शासन व्हावें. दुसऱ्याचें म्हणणें, दुकानदारास योग्य तेंच फळ मिळालें. आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटलीं व अद्यापि वाटतात. म्हणूनच हा विषय वार्षिकांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. समाजमाध्यमांवर धंदेवाल्यांनीं व गिऱ्हाइकांनीं एकमेकांशीं कसें वागावें, हा प्रश्न केवळ मोठ्या कंपन्यांचा नव्हे. तो आपल्या रस्त्यावर येऊन पोहोंचलेला आहे.

प्रथम मुलाची बाजू घेऊं, कारण ती बाजू खरी होती. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं' ही पाटी आपल्याकडील अर्ध्याअधिक दुकानांत लटकलेली असते, व ती जणूं दगडावरची रेघ आहे असें दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही मानतात. वस्तुतः कायदा तसें मानीत नाहीं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलांत आहे. त्याप्रमाणें सदोष माल बिलावर नमूद केलेल्या मुदतींत, आणि तशी मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांच्या आंत, परत घेण्यास नकार देणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मुलगा दुसऱ्याच दिवशीं गेला होता. त्याची मागणी रास्त होती. तो विनयानें बोलला होता असें तेथें उभ्या असलेल्या एका पालकांनींही आम्हांस सांगितलें. अन्याय झाला होता, व अन्यायाविरुद्ध बोलूं नये असें आम्हीं आजवर कोणत्याही विद्यार्थ्यास शिकविलेलें नाहीं. प्रश्न, तो कोठें बोलला, कोणाकडून बोलविलें आणि काय बोलला, एवढाच आहे.

पूर्वींच्या दुकानांत गादीवरचा माणूस व ओट्यावरचा माणूस यांचें भांडण होई, तें ऐकणारे दहा-पांचच असत. बोललेला शब्द सायंकाळपर्यंत विरून जाई. दुसऱ्या दिवशीं तेंच गिऱ्हाईक त्याच दुकानीं तेल-मीठ आणावयास जाई, आणि 'या, बसा' म्हटलें कीं भांडण मिटे. वर्तमानपत्रांत कांहीं छापावयाचें झाल्यास मध्यें संपादक बसलेला असे. आपल्या मराठींत १८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' सुरू केलें, अहमदनगरास १८४२ सालीं 'ज्ञानोदय' निघूं लागला. तेव्हांपासून वाचकाचें पत्र आणि छापलेला शब्द यांच्या दरम्यान एक वाचणारा डोळा उभा असे. त्या डोळ्यास चूकही होई, पक्षपातही होई. पण रात्रीं नवाला मनांत आलेलें नऊ वाजून एक मिनिटानें जगापुढें जात नसे. आज दुकानच चव्हाट्यावर मांडलेलें आहे. गिऱ्हाईक आपला संपादक आपणच आहे, आणि बहुधा तो संपादक त्या वेळीं रागांत असतो.

तथापि 'गेले ते दिवस' म्हणून उसासे टाकणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. जुन्या दुकानांत गरीब गिऱ्हाइकाचा शब्द कोण ऐके? वजनांत मारलेला छटाक त्यानें कोणास दाखवावा? मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालीं निघाली ती एकट्या गिऱ्हाइकाची शक्ति पडत नाहीं, हें अनुभवानें कळलें म्हणूनच. आज एकट्याच्या शब्दासही बळ आलें आहे, ही गोष्ट आम्हांस इष्टच वाटते. तें बळ कसें वापरावें याचें आमच्या माहितींतील उत्तम उदाहरण एका गवयाचें आहे, व तें थोडें सविस्तर सांगण्यासारखें आहे.

कॅनडांतील हॅलिफॅक्स शहरचे गायक डेव्ह कॅरोल हे ३१ मार्च २००८ रोजीं आपल्या सोबत्यांसह युनायटेड एअरलाइन्सच्या विमानानें अमेरिकेंतील ओमाहा येथें निघाले होते. शिकागोच्या विमानतळावर माल उतरविणारे लोक गिटारी फेकीत आहेत, असें सहप्रवाशांस खिडकींतून दिसलें. कॅरोल यांनीं तेथल्या तेथें विमानांतील कर्मचाऱ्यांस तें सांगितलें. कोणीं दाद दिली नाहीं. मुक्कामीं पोहोंचल्यावर पाहतात तों त्यांची मूल्यवान गिटार मोडलेली. दुरुस्तीस सुमारें १,२०० डॉलर लागले. त्यांनीं कंपनीकडे रीतसर मागणी केली. एका कचेरींतून दुसऱ्या कचेरीकडे, एका दूरध्वनीवरून दुसऱ्या दूरध्वनीकडे, असे सुमारें नऊ महिने गेले. अखेर, विहित मुदतींत तक्रार नोंदविली नाहीं या सबबीवर नकार आला. तेव्हां त्यांनीं कंपनीस कळविलें कीं, आतां मी यावर तीन गाणीं रचून जगास ऐकवीन. पहिलें गाणें त्यांनीं जुलै २००९ मध्यें यूट्यूबवर ठेविलें. तें विनोदी होतें. त्यांत शिवी नव्हती. तें आजवर दोन कोटींहून अधिक वेळां पाहिलें गेलें आहे. कंपनी धांवत आली व भरपाई देऊं लागली. कॅरोल यांनीं ती रक्कम स्वतः न घेतां धर्मादाय कार्यास द्यावी असें सुचविलें.

या गोष्टींतील यशाचा भाग सर्वांस ठाऊक असतो. आम्हांस मोलाचा वाटतो तो त्यामागील संयमाचा भाग. ज्याच्याशीं तंटा होता त्यालाच त्यांनीं आधीं विचारिलें, आणि एकदां नव्हे, नऊ महिने विचारिलें. बोलले तें स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या चेहऱ्यानें बोलले. घडलें तेवढेंच सांगितलें. आणि सर्वांत विशेष म्हणजे, ज्या बाईंनीं कंपनीच्या वतीनें त्यांस शेवटचा नकार कळविला होता, त्या आपलें काम नीट करणाऱ्या कर्मचारी आहेत, दोष कंपनीच्या नियमांचा आहे, असें त्यांनीं मागाहून जाहीरपणें सांगितलें. कोट्यवधि लोक आपल्या बाजूनें हंसत असतां प्रतिपक्षाच्या नोकरासाठीं एक चांगला शब्द काढणें सोपें नाहीं. आमच्या नववीच्या सदतीस जणांत कंपासपेटीचा मालक एकटाच होता. उरलेल्या छत्तिसांनीं ती पेटी पाहिलीही नव्हती.

येथेंच गिऱ्हाइकाच्या बाजूची मुख्य गोष्ट येते. अभिप्राय म्हणजे साक्ष आहे. न्यायालयांत जो घटनास्थळीं नव्हता त्यास प्रत्यक्षदर्शी साक्षीदार म्हणून पिंजऱ्यांत उभें करीत नाहींत. मग ज्यानें त्या दुकानांत पाऊल टाकिलें नाहीं, त्यानें तारा कोणत्या आधारें द्यावा? मित्राचा कैवार घेणें हा मुलांचा मोठा गुण आहे, व तो जावा असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. मित्राबरोबर दुकानापर्यंत चालत जावें, त्याच्या शेजारीं उभें राहावें, हवें तर त्याच्याहून दोन शब्द अधिक बोलावे. परंतु न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणें हा कैवार नव्हे. आणि ती आईच्या नांवानें देणें यास काय म्हणावें तें आमच्या पालकवर्गानेंच ठरवावें. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलांत आली. तिच्या ३५६ व्या कलमांत अब्रूनुकसानीस दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची तरतूद आहे. 'कर्कटकाचा स्क्रू दुसऱ्या दिवशीं निसटला, बदलून मिळाला नाहीं' हें सत्यकथन आहे, व तें कोणासही बेधडक लिहितां येईल. 'चोर' हा आरोप आहे. या दोहोंतील अंतर ज्यास कळत नाहीं, त्यानें आपल्या मातोश्रींचें नांव त्याखालीं घालूं नये.

दुकानांतील नोकराचें चित्र परवानगीवांचून काढून तें सर्वत्र पाठविणें, हा त्याच जातीचा प्रकार. मालकाच्या नियमाचा राग गल्ल्यावरच्या वीस वर्षांच्या पोरावर निघतो, आणि त्याची नोकरी जाते. नियम तेथेंच राहतो. 'सवलत द्या, नाहीं तर एकच तारा देईन' असें म्हणणारी गिऱ्हाइकेंही आम्हीं ऐकिलीं आहेत. यास तक्रार म्हणत नाहींत. याचें जुनें नांव खंडणी.

आम्ही स्वतः या बाबतींत निर्दोष आहों असा वाचकांनीं ग्रह करून घेऊं नये. चार वर्षांपूर्वीं आम्हीं एका ग्रंथविक्रेत्याकडून एक शब्दकोश मोबाइलवरून मागविला. आली ती जुनी, संक्षिप्त आवृत्ति. आम्ही संतापलों, आणि भाषाशिक्षकाच्या अंगीं जेवढी कडू मराठी असते तेवढी सर्व ओतून एक परिच्छेद त्यांच्या पानावर लिहिला. दुसऱ्या दिवशीं त्यांचें उत्तर आलें. त्यांत, 'आपण मागणी नोंदवितांना संक्षिप्त आवृत्तीवर खूण केलेली दिसते. तथापि पुस्तक परत पाठवावें, आम्ही बृहत् आवृत्ति पाठवूं' एवढेंच लिहिलें होतें. आम्हीं आमची नोंद उघडून पाहिली. खूण आमचीच होती. तो परिच्छेद काढून टाकावयास आम्हांस चार दिवस लागले. काढण्यास एक क्षण लागतो. आमचे चार दिवस अभिमानाशीं झगडण्यांत गेले. त्या चार दिवसांत तो किती जणांनीं वाचला असेल, हें आम्हांस आजही मोजतां येत नाहीं. आणखी एक गोष्ट आम्हांस नंतर सुचली, ती अशी कीं आधीं त्यांस खासगी निरोप पाठवून विचारिलें असतें तर दोघांचाही वेळ वांचला असता.

येथें पालकांच्या उपयोगाची एक व्यावहारिक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. बँकेच्या अथवा मोठ्या कंपनीच्या पानावर जाहीर तक्रार लिहितांना कित्येक भोळे लोक आपला दूरध्वनि-क्रमांक, मागणीचा क्रमांक, कांहीं तर खात्याचा क्रमांकही लिहून टाकतात. भामटे अशा तक्रारींच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात. कंपनीचें बोधचिन्ह लावून ते तत्काळ उत्तर देतात, अत्यंत गोड बोलतात, एक दुवा पाठवितात, आणि खातें रितें होतें. तक्रार जाहीर असो, तपशील खासगीच असावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. साध्या ग्राहक-तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय साहाय्य-क्रमांक आहे. पहिला ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबर १९८६ रोजीं संमत झाला म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतात. आमच्या घरीं त्या दिवशीं करंज्या तळणें व गायनाची तालीम चाललेली असल्यामुळें तो कधीं आला व गेला हें आम्हांसही कळत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

आतां धंदेवाल्यांकडे वळूं. आणि त्यांच्याविषयीं आमचें मत गिऱ्हाइकांविषयींच्या मतापेक्षां किंचित् कठोर आहे. कारण गिऱ्हाईक एका संध्याकाळीं चुकतें. धंदेवाला चुकतो तो पुष्कळदां योजून चुकतो.

इन्स्टाग्रामवर साडीचें सुंदर चित्र असतें, खालीं दहा बायका 'किंमत?' असें विचारितात, आणि दहांही जणींस उत्तर एकच: 'खासगी निरोप पाठवा.' कां? साडी जगास दाखवावयाची आणि तिची किंमत मात्र कानांत सांगावयाची, यांत काय गुपित आहे? गुपित असेल तर हेंच कीं, एकीस एक भाव व दुसरीस दुसरा. जालावरून विक्री करणाऱ्यांसाठीं २०२० सालीं जे नियम झाले, त्यांत वस्तूची एकूण किंमत, सर्व खर्च व कर धरून, एका आंकड्यांत दाखवावी असें सांगितलेलें आहे. तक्रार मिळाल्याची पोंच ४८ तासांत द्यावी व एक महिन्यांत तिचा निकाल लावावा, असेंही आहे. विक्रेत्यानें गिऱ्हाइकाचें सोंग घेऊन आपल्याच मालाची स्तुति करूं नये, असेंही त्याच नियमांत स्पष्ट लिहिलें आहे. नियम करावा लागला, यावरूनच सोंगें किती झालीं असतील याची कल्पना यावी. पुढें नोव्हेंबर २०२२ मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें अशा अभिप्रायांसाठीं एक मानकही प्रसिद्ध केलें. विकत घेतलेले अभिप्राय छापूं नयेत हें त्याचें एक अंग. तें ऐच्छिक आहे. अमेरिकेंत मात्र ऑक्टोबर २०२४ पासून बनावट अभिप्राय विकणें व विकत घेणें यांवर दंडाचा नियम लागू झालेला आहे.

प्रभावकांच्या (हा शब्द आम्हांस अजून जिभेवर घोळत नाहीं) बाबतींतही असेंच. एखादी लोकप्रिय मुलगी 'माझें आवडतें मलम' म्हणून डबी दाखविते. डबी फुकट मिळाली किंवा वर पैसे मिळाले, हें सांगत नाहीं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जानेवारी २०२३ मध्यें याविषयीं सूचना काढल्या: मोबदला, भेटवस्तु, फुकट प्रवास, कांहींही घेतलें असल्यास तें साध्या व स्पष्ट भाषेंत, पाहणाऱ्याच्या नजरेस पडेल असें सांगावें. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळीं दहा लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. आमच्या विद्यार्थिनींनीं एवढें मनांत धरावें कीं, जी स्तुति पैसे घेऊन केली ती जाहिरात; जाहिरात करणें पाप नव्हे, ती मैत्री म्हणून खपविणें हें खोटें.

पालकांस अधिक जवळचा प्रकार शिकवणी-वर्गांचा. दहावीचा निकाल लागतो त्याच दिवशीं दुपारीं आमच्या एकाच विद्यार्थ्याचें छायाचित्र तीन निरनिराळ्या वर्गांच्या पानांवर झळकलेलें आम्हीं पाहिलें आहे. त्यांपैकीं एकांत तो फक्त दोन रविवार सराव-परीक्षेस बसला होता. मुलास विचारलें नव्हतें, बापासही नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें शिकवणी-वर्गांच्या जाहिरातींसाठीं जे मार्गदर्शक नियम काढले, त्यांप्रमाणें यशस्वी उमेदवाराचें नांव वा छायाचित्र वापरण्यापूर्वीं त्याची लेखी संमति, तीही निकालानंतर घेतलेली, असली पाहिजे. आणि त्यानें कोणता अभ्यासक्रम किती काळ केला हेंही जाहिरातींत सांगितलें पाहिजे. ज्या वर्गास आपण फी भरतां त्यास हें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. प्रवेश-पत्रिकेच्या तळाशीं बारीक अक्षरांत अगोदरच संमति लिहून घेतलेली असते. सही करण्यापूर्वीं तें अक्षर वाचावें.

टीका आली कीं ती पुसून टाकणें ही आणखी एक खोड. शिवी पुसावी, खोटें पुसावें. पण रास्त तक्रार पुसणारा दुकानदार गिऱ्हाइकास तोंडावर 'गप्प बैस' म्हणणाऱ्यासारखाच होय. आमचा ग्रंथविक्रेता आमचा परिच्छेद पुसूं शकला असता किंवा आमची खूण जगास दाखवून आमची फजिती करूं शकला असता. त्यानें दोन्ही केलें नाहीं, आणि त्यानंतर आम्हीं त्याच्याचकडून पुस्तकें घेतलीं आहेत.

मोठ्या दुकानांविषयीं इतकें बोललों. परंतु आमच्या पालकवर्गांत अशा अनेक भगिनी आहेत ज्यांचें दुकान म्हणजे एक मोबाइल व एक शेगडी. दिवाळींत चकल्या, नाताळांत केक, उन्हाळ्यांत पापड-कुरडया. व्हॉट्सॲपनें जानेवारी २०१८ मध्यें लहान धंद्यांसाठीं निराळी सोय काढली, तिचा यांस मोठा उपयोग झाला. यांच्याशीं गिऱ्हाईक कसें वागतें? रात्रीं साडेअकराला निरोप येतो. निरोपांत 'किंमत' एवढा एकच शब्द. तोही पुष्कळदां इंग्रजींत व अपुऱ्या अक्षरांनीं. ना 'ताई', ना 'नमस्कार'. एका माउलीनें आम्हांस सांगितलें कीं, गेल्या नाताळांत दोन किलोंच्या केकची मागणी एका गृहस्थानें दिली, तीन वेळां रंग बदलून घेतला, आणि २४ तारखेच्या संध्याकाळीं त्यांनीं उत्तर देणेंच बंद केलें. केक तिच्या घरांत चार दिवस होता. तिनें कोणाचें नांव चव्हाट्यावर आणिलें नाहीं, आणि तिच्या गिऱ्हाइकास तारे देण्याची सोयही कोठें नाहीं. आगाऊ अर्धे पैसे घ्यावे असा सल्ला आम्हीं तिला दिला. पुढील वर्षापासून तसें करीन, पण ओळखीच्यांकडे मागावयास संकोच वाटतो, असें ती म्हणाली. हा संकोच गिऱ्हाइकानें ओळखून आपण होऊन पैसे पुढें करावे.

मागणीपत्र व विनंतीपत्र आम्ही वर्गांत शिकवितों. मायना, विषय, मुद्देसूद मजकूर, सही, तारीख. मुलें तें परीक्षेपुरतें पाठ करितात, कारण असलीं पत्रें आतां कोण लिहितो, असें त्यांस वाटतें. आम्ही त्यांस सांगतों कीं तुम्ही दिवसाकाठीं अशीं दहा पत्रें लिहितां, फक्त वाईट लिहितां. कोणास लिहितों, काय हवें, किती हवें, कधीं हवें, एवढें एका वाक्यांत आदरपूर्वक सांगावयास व्हॉट्सॲपवर अर्धें मिनिट पुरतें. जुन्या 'सा. न. वि. वि.' नें सुद्धां चारच अक्षरें खर्चून साष्टांग नमस्कार घातलेला होता.

असो. कंपासपेटीचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें.

आम्हीं मुलांस शिक्षा केली नाहीं. प्रत्येकानें आपला अभिप्राय काढून टाकावा, ज्यांनीं आईच्या नांवानें लिहिलें त्यांनीं आईस स्वतः सांगावें, एवढेंच ठरविलें. दुसरी अट पहिलीपेक्षां पुष्कळच जड गेली असें कळतें. तक्रार करणाऱ्या मुलास आम्हीं काकांकडे नेलें, आणि कायद्यांतील ३० दिवसांची गोष्टही काकांस सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं पेटी हातांत घेऊन कर्कटक फिरवून पाहिलें, आणि नवी पेटी काढून दिली. 'त्या दिवशीं घाऊक व्यापाऱ्याचा माणूस पैशासाठीं उभा होता' असें ते म्हणाले. मुलाकडे पाहून नव्हे, पेट्यांच्या मांडणीकडे पाहून. ती जुनी पाटी पुढील आठवड्यांत निघाली. तिच्या जागीं हातानें लिहिलेली नवी लागली आहे: 'बिल दाखविल्यास सदोश माल आठ दिवसांत बदलून मिळेल.' 'सदोष' मधील चूक अजून आम्हीं त्यांस सांगितलेली नाहीं.

सदतिसांपैकीं सव्वीस अभिप्राय गेले. अकरा अद्यापि आहेत. एका मुलाच्या वडिलांची बदली झाली व तो गांव सोडून गेला. एकानें चुलत्याच्या मोबाइलवरून लिहिलें होतें, व चुलत्यानें तो मोबाइल विकला. दोघांस परवलीचा शब्द आठवत नाहीं. उरलेल्या सातांचा पत्ताच लागत नाहीं, कारण तीं नांवें आमच्या पटावर नाहींत. वार्ता वर्गाबाहेर गेली असली पाहिजे. दुकानाचे तारे अजून पूर्वीइतके झालेले नाहींत.

त्या अकरांखालीं उत्तर लिहावें असें काकांनीं ठरविलें आहे. त्यांस मोबाइलवर मराठी टंकितां येत नाहीं, म्हणून कंपासपेटीवाला मुलगा शनिवारीं शाळा सुटल्यावर दुकानांत बसतो. काका सांगतात, तो लिहितो. एका शनिवारीं एकच उत्तर होतें, कारण मध्यें गिऱ्हाइकें येतात. लिहून झालें कीं काका त्यास तें मोठ्यानें दोनदां वाचावयास लावितात, एखादा शब्द बदलवितात, आणि मग पाठीव म्हणतात.